पोलीस भरती आणि आधीची नोकरी : नाशिकच्या नव्या उमेदवारांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारा उमेदवार सहसा रिकामा बसलेला नसतो. पहाटे गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर धावण्याचा सराव करून तो सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला हजर होतो. कुणी गोंद्याच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो, कुणी रात्री ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, कुणी सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो, तर कुणी फायनान्स कंपनीसाठी थकलेले हप्ते वसूल करत फिरतो. जाहिरात निघाली की या सगळ्यांना एकच शंका येते : ही नोकरी अर्जात दाखवायची का, आणि दाखवली तर पुढे अडचण होईल का? नेट कॅफेत याचे उत्तर तयार असते, ‘लिहू नको, कशाला भानगड’. हे उत्तर देणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते उमेदवाराचे, आणि तेही सगळे टप्पे पार केल्यानंतर.

खासगी नोकरी केली, मध्येच सोडली किंवा तिथून काढून टाकले गेले, एवढ्या कारणावरून पोलीस भरतीचा उमेदवार अपात्र ठरत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, त्या नोकरीमुळे एखादा गुन्हा, खटला किंवा शिस्तभंगाची कारवाई मागे लागलेली असेल तर. आणि दोन, उमेदवाराने लिहिलेले व कागदपत्रांत नोंदलेले जुळत नसेल तर. यांपैकी दुसरी अडचण पूर्णपणे आपल्या हातातली आहे, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता खालील पायऱ्या आधीच उरकून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पहिली पायरी : नोकरीची माहिती कुठे विचारली जाते ते समजून घ्यावे

पोलीस शिपाई पदाची निवड मैदानी चाचणीचे ५० आणि लेखी परीक्षेचे १०० गुण यांवर होते. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, त्यानंतर गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञानाची लेखी परीक्षा असा हा क्रम आहे. यात आधीच्या नोकरीच्या अनुभवाला एकही गुण नाही. त्यामुळे सहा महिन्यांची नोकरी दोन वर्षांची करून दाखवण्याने पदरात काही पडत नाही, उलट खोटी नोंद मात्र कायमची राहते.

नोकरीचा प्रश्न येतो तो तीन ठिकाणी. ऑनलाइन अर्जात आपण सध्या शासकीय सेवेत आहात का, माजी सैनिक किंवा होमगार्ड आहात का, हे विचारले जाते, कारण त्यावर वयोमर्यादा आणि आरक्षण ठरते. कागदपत्र पडताळणीत त्या दाव्याचे पुरावे मागितले जातात. निवड झाल्यावर मात्र सर्वांत महत्त्वाचा कागद समोर येतो, तो म्हणजे साक्षांकन नमुना. चारित्र्य आणि पूर्वचारित्र्य पडताळणी याच नमुन्याच्या आधारे होते. राहण्याचे पत्ते, शिक्षण, नोकऱ्या, अटक, खटले, परीक्षेतून झालेली हकालपट्टी असे सर्व त्यात लिहावे लागते. केंद्रीय दलांच्या नमुन्यात तर खासगी संस्थेतील नोकरीसुद्धा तारखांसह आणि सोडण्याच्या कारणासह विचारलेली असते. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हीच अपात्रता समजली जाईल, अशी सूचना या नमुन्याच्या सुरुवातीलाच छापलेली असते. बहुतेक उमेदवार ती न वाचता पान उलटतात.

दुसरी पायरी : सर्व नोकऱ्यांचा कालक्रम एका वहीत लिहावा

दहावीनंतर आजपर्यंत आपण कुठे काम केले, कुठे राहिलो आणि काय शिकलो, याची महिनावार यादी करावी. हे काम दिसते तितके सोपे नाही. औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या मुलाला विचारले, ‘कोणत्या कंपनीत होतास?’, तर तो कारखान्याचे नाव सांगतो. पण त्याचा पगार ठेकेदाराच्या खात्यातून झालेला असतो, भविष्य निर्वाह निधीत ठेकेदाराच्याच संस्थेचे नाव असते आणि सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन त्याच मुलाला त्याच यंत्रावर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा घेतलेले असते. अशा वेळी नमुन्यात नोकरी देणारा म्हणून ठेकेदाराचे नाव लिहावे आणि कामाचे ठिकाण म्हणून कारखान्याचे नाव नोंदवावे. ब्रेकच्या आधीची आणि नंतरची नोकरी दोन स्वतंत्र ओळींत लिहावी.

तारखा आठवणीवर सोडू नयेत. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएन क्रमांकाने, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या निधी खाते क्रमांकाने, प्रवेश केला की सेवेचा इतिहास दिसतो. प्रत्येक संस्थेत रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण त्यात असते. अनेकांच्या बाबतीत सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, म्हणजे कागदोपत्री ती नोकरी अजून चालू आहे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील तर ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते. नाव किंवा जन्मतारीख चुकलेली असेल तर संयुक्त घोषणापत्राद्वारे, म्हणजे सदस्य आणि मालक दोघांच्या अर्जाने, दुरुस्ती करावी लागू शकते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी घ्यावे. वीसपेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपमध्ये निधीची कपात बहुधा नसते. तिथला पुरावा म्हणजे बँकेचे खातेपुस्तक, पगारपत्रक, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड किंवा मालकाने लेटरहेडवर दिलेला दाखला. रोख पगार आणि कागद काहीच नाही, अशी नोकरी असेल तरी ती प्रामाणिकपणे लिहावी. पुरावा नाही म्हणून नोकरी झालीच नाही असे होत नाही.

शिकाऊ उमेदवारी मात्र वेगळी दाखवावी. सातपूरच्या आयटीआयमधून निघून एखाद्या कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस म्हणून काढले असेल, तर शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ नुसार तो काळ प्रशिक्षणाचा आहे, कामगार म्हणून केलेल्या नोकरीचा नाही.

नोकरी आणि शिक्षण यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील तर पडताळणीत प्रश्न येतो. कारखान्यात पूर्णवेळ काम आणि त्याच वर्षी नियमित महाविद्यालयाची हजेरी, हे दोन्ही एकत्र कसे, असे कुणीही विचारणार. आपल्याकडे गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेणारे खूप आहेत. त्यांच्या बाबतीत उत्तर सरळ असते, फक्त ‘मुक्त विद्यापीठ, दूरशिक्षण’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. मध्ये रिकामे गेलेले महिने लपवण्याची गरज नाही. ‘घरची शेती’ किंवा ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ असे जे खरे असेल ते लिहावे. द्राक्षाच्या बागेत घरच्यांना हातभार लावणे हा काही दोष नव्हे.

पत्त्यांचा रकाना नोकरीशी थेट जोडलेला आहे. मागील पाच वर्षांत जिथे एक वर्षाहून अधिक काळ राहिलो ते सर्व पत्ते द्यावे लागतात आणि पडताळणी त्या त्या पोलीस ठाण्याकडे जाऊ शकते. सुरगाण्याचा मुलगा सिडकोत खोली करून अंबडला कामाला होता, त्यानंतर दीड वर्ष चाकणला राहिला आणि आता गावी परतला, तर गावाचा एकच पत्ता देऊन भागणार नाही. शहरातला पत्ता नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, तर सिन्नर, इगतपुरी, गोंदे हा भाग नाशिक ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहे. घरमालकाचे नाव आणि पोलीस ठाणे आधीच नोंदवून ठेवावे.

तिसरी पायरी : नोकरी सोडण्याचे कारण नेमके लिहावे

‘वैयक्तिक कारण’ हे दोन शब्द सर्वत्र चालतात असा समज आहे. राजीनामा दिला असेल तर ते चालतातही. पण निधीच्या नोंदीत ‘सेवा समाप्ती’ आणि नमुन्यात ‘राजीनामा’ असे असेल, तर विसंगती उमेदवाराच्या अंगाशी येते. ठेका संपला, कंपनी बंद पडली, कामगारकपात झाली, ही कारणे आहेत तशीच लिहावीत. त्यांत उमेदवाराची काही चूक नाही. न सांगता कामावर जाणे बंद केले असेल, तर ‘कामावर जाणे थांबवले, लेखी राजीनामा दिला नाही’ हे वाक्य पुरेसे आहे. शक्य असल्यास आताही त्या मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला मिळवावा. एखाद्याने दाखला अडवून धरला तर लेखी मागणी करून तिची पोच ठेवावी, म्हणजे आपण प्रयत्न केला हे तरी दाखवता येते.

अंतर्गत चौकशी होऊन काढून टाकले असेल, तर आरोपपत्र, चौकशीचा निष्कर्ष आणि अंतिम आदेश हे तीन कागद जपून ठेवावेत. कामगार न्यायालयात वाद चालू असेल तर त्याचा क्रमांकही. कामावर झोपणे, गैरहजेरी, वरिष्ठाशी बाचाबाची अशा कारणांनी खासगी नोकरी गेली, तर नियुक्ती अधिकाऱ्याला त्यातून आपल्या स्वभावाचा अंदाज येईल, पण त्यावरून आपोआप दार बंद होत नाही. चोरी, अपहार किंवा मारहाण हे कारण असेल तर मात्र प्रश्न नोकरीचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो.

चौथी पायरी : कामामुळे मागे लागलेली पोलीस आणि न्यायालयाची नोंद शोधावी

बहुतेक मुलांना आपल्या नावावर काही नोंद आहे हे खरोखर ठाऊक नसते, कारण प्रकरण मालकाने, वकिलाने किंवा युनियनने परस्पर मिटवलेले असते. म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा.

चालकांचे उदाहरण घेऊ. टेम्पो किंवा ट्रॅव्हल्सची गाडी चालवताना किरकोळ अपघात झाला, निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला, भारतीय दंड संहितेचे कलम २७९, किंवा १ जुलै २०२४ नंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागले. तारखेला मालकाचा वकील म्हणाला, ‘कबूल कर, दंड भरू, सुटलास’. चालकाने दंड भरला, गाडी सुटली, सगळे विसरले. पण गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे. चालक पोलीस शिपाई पदासाठी अर्ज करणाऱ्याने ‘आपणास कधी दंड किंवा शिक्षा झाली आहे काय’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले, तर त्याच्या लेखी ती विसरलेली गोष्ट असते आणि कार्यालयाच्या लेखी दडवलेली. वाहतूक पोलिसाने जागेवर केलेला ई-चलनाचा दंड आणि न्यायालयात खटला चालून झालेला दंड यांत फरक आहे. आपला दंड कोणता होता हे पावतीवरून तपासावे.

कामगारांच्या बाबतीत नोंद वेगळ्या वाटेने येते. पगारवाढीसाठी कंपनीच्या गेटवर सभा झाली, मोर्चा निघाला, जमावबंदीचा आदेश लागू होता आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ व १३५ खाली पन्नास जणांवर गुन्हा नोंदवला गेला. त्या यादीत आपले नाव आहे की नाही हे युनियनच्या पदाधिकाऱ्याला विचारावे. वसुलीच्या कामात कर्जदाराशी वाद होऊन अदखलपात्र नोंद, म्हणजे बोलीभाषेतली ‘एनसी’, झालेली असू शकते. हॉटेल किंवा बारच्या दारावर बाउन्सर म्हणून उभे राहिलेल्यांवर प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ‘चॅप्टर केस’, होऊन चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतलेले असते. चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे हे खरे, पण नमुन्यात अटक, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि बंधपत्र हे स्वतंत्रपणे विचारलेले असतात, तेव्हा ‘शिक्षा झाली नाही’ या आधारावर सगळ्याच रकान्यांत ‘नाही’ लिहिता येत नाही.

शोधायचे कसे? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, हाती आला की पुढची सर्व स्थिती दिसते. निकालाची प्रमाणित प्रत सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात नकलेचा अर्ज करून मिळते, आणि प्रकरण निफाड, मालेगाव किंवा अन्य तालुक्यातील न्यायालयाचे असेल तर त्या ठिकाणी अर्ज करावा लागतो. गुन्हा नोंदवला गेला पण न्यायालयात दोषारोपपत्र गेले नसेल, तर पोलिसांनी कोणता अहवाल पाठवला ते पाहावे. महाराष्ट्रात याला ‘समरी’ म्हणतात : गुन्हा खरा पण तपास लागला नाही तर ‘ए’, तक्रार द्वेषाने खोटी केली असेल तर ‘बी’, आणि गैरसमजातून झालेली किंवा धड खरी-खोटी ठरत नाही अशी असेल तर ‘सी’. आपल्या प्रकरणात ‘बी’ समरी मंजूर झाली असेल तर तो कागद सोन्यासारखा सांभाळावा.

नोंद सापडली तर पुढे काय, याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी बरीच स्पष्टता आणली आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ मधील निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. दडवलेले प्रकरण अगदी क्षुल्लक असेल, तर नियुक्ती अधिकारी आपल्या विवेकाने ते माफ करू शकतो. जे नमुन्यात स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे, आणि उमेदवाराला एखाद्या गोष्टीची माहितीच नव्हती तर ती दडवली असे म्हणता येत नाही. पण याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांमध्ये फारशी सांगितली जात नाही : खरी माहिती दिली म्हणून नियुक्ती मिळालीच पाहिजे असेही नाही. अधिकाऱ्याला पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घेण्याचा अधिकार राहतो. दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध मेहर सिंग या २०१३ च्या निकालात तर निर्दोष सुटलेल्या उमेदवाराचीही उमेदवारी नाकारण्याचा पोलीस दलाचा अधिकार मान्य झाला, कारण साक्षीदार फिरल्यामुळे किंवा तडजोड झाल्यामुळे सुटणे आणि सन्मानाने निर्दोष ठरणे यांत न्यायालय फरक करते. दुसरीकडे, पवन कुमार विरुद्ध भारत सरकार या २०२२ च्या रेल्वे सुरक्षा दलाच्या प्रकरणात, माहिती दडवली एवढ्यावरून यांत्रिकपणे सेवेतून काढता येणार नाही, प्रकरणाचे स्वरूप पाहावे लागेल, असे सांगितले गेले.

माझ्या मते या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा घ्यावा : क्षुल्लक प्रकरण कागदांसह सांगितले तर वाचण्याची शक्यता पुष्कळ असते, गंभीर प्रकरण सांगितले तरी निवड अनिश्चित राहते, आणि दडवलेले प्रकरण लहान असले तरी नोकरी लागल्यावरसुद्धा डोक्यावर टांगलेले राहते. देशातील पोलीस ठाणी आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने जोडलेली आहेत, तेव्हा ‘ते तर पुण्यातले प्रकरण आहे, नाशिकला कुठून कळणार’ हा हिशेब मनातून काढून टाकावा.

एक नाजूक प्रकार इथेच सांगणे भाग आहे. वय अठरा पूर्ण नसताना काही मुले मोठ्या भावाच्या आधार कार्डावर कारखान्यात लागतात. पगार, निधी, हजेरी सगळे भावाच्या नावावर जमा होते. अल्पवयीनाला धोकादायक कामावर ठेवण्याचा गुन्हा मालकाचा असतो, मुलाचा नव्हे. पण दुसऱ्याच्या ओळखपत्रावर काम करणे ही वेगळीच बाब आहे आणि ती नमुन्यात कशी मांडावी हे नेट कॅफेत ठरवू नये. त्यासाठी फौजदारी प्रकरणे पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

पाचवी पायरी : शासकीय, निमशासकीय किंवा महामंडळाची नोकरी असेल तर

आपण सध्या शासकीय सेवेत असाल, तर कार्यालयाला कळवून, योग्य मार्गाने अर्ज करावा आणि ना-हरकत प्रमाणपत्र वेळेत मागावे. निवडीनंतर पूर्वपरवानगी घेऊन दिलेला तांत्रिक राजीनामा आणि साधा राजीनामा यांत मोठा फरक पडतो. साध्या राजीनाम्याने आधीच्या सेवेचे लाभ जातात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा प्रान (कायम खाते) क्रमांक तोच राहतो, नवीन काढू नये.

शिस्तभंगाच्या कारवाईत शब्द नीट वाचावेत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ मध्ये ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘सेवेतून बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेल्या व्यक्तीला पुढील शासकीय नोकरीसाठी ती अनर्हता ठरत नाही. बडतर्फी मात्र सर्वसाधारणपणे अनर्हता ठरते. घरी दोन्हींना ‘कामावरून काढलं’ असेच म्हणतात, म्हणून आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय काही लिहू नये. केंद्रीय नमुन्यात आणखी बारकावा आहे : नोटीस देऊन नोकरी सोडली त्या वेळी आपल्यावर कारवाई चालू होती का, किंवा वर्तणुकीबद्दल खुलासा मागितला होता का, हेही विचारले जाते. चौकशी लागण्याची चाहूल लागताच राजीनामा देणाऱ्यांना हा प्रश्न अडवतो.

एसटीच्या २०२१-२२ च्या संपातून आलेल्या उमेदवारांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या काळात अनेक कर्मचारी निलंबित आणि बडतर्फ झाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते कामावर परतले. अशांनी कारवाईचा आदेश आणि पुन्हा कामावर घेतल्याचा आदेश दोन्ही जोडावेत. एकच कागद अर्धे चित्र दाखवतो.

आधी दुसऱ्या दलात निवड होऊन प्रशिक्षणातून परत आलेल्यांनी कार्यमुक्तीचा आदेश आणि प्रशिक्षण खर्चाबाबत बंधपत्र दिले असल्यास त्याचा निपटारा झाल्याचा कागद हाताशी ठेवावा.

सहावी पायरी : गणवेशातील पूर्वीची सेवा

नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रामुळे आणि देवळालीच्या छावणीमुळे आपल्याकडे माजी सैनिक उमेदवार पुष्कळ. त्यांच्यासाठी राज्यात १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत लागू होणारे, आरक्षण आहे, पण ते कार्यमुक्तीच्या पुस्तिकेवर चालते. त्या पुस्तिकेत चारित्र्याचा शेरा आणि सेवा संपण्याचे कारण नोंदलेले असते. सेवा पूर्ण करून सुटलेला जवान आणि शिस्तभंगामुळे किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेला जवान यांना एकच वागणूक मिळत नाही. पुस्तिकेतील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नसेल तर दुरुस्ती अभिलेख कार्यालयातून करावी लागते. अग्निवीरांनी चार वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे कागद याच काळजीने जपावेत.

होमगार्डसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी तीन वर्षांची सेवा लागते. नुसती नोंदणी पुरत नाही, बंदोबस्तावरची हजेरीही प्रमाणपत्रात दिसली पाहिजे. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळातील किंवा खासगी संस्थेतील सुरक्षारक्षकाची नोकरी मात्र पोलीस सेवा नव्हे, तिचा आरक्षणासाठी उपयोग नाही. तरीही ती लिहावी, कारण खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम २००५ नुसार रक्षक म्हणून घेताना चारित्र्य पडताळणी झालेली असायला हवी, आणि तेव्हा दिलेली उत्तरे आताच्या उत्तरांशी जुळली पाहिजेत.

सातवी पायरी : कामाने शरीरावर ठेवलेल्या खुणा

याचा विचार फार थोडे जण करतात. पॉवर प्रेसवर बोटाचे पेर गेले, वेल्डिंगमुळे डोळ्याला त्रास झाला, फोर्जिंगच्या आवाजाने ऐकू कमी येते, पोती उचलून कंबर गेली, हे सर्व वैद्यकीय तपासणीत समोर येते. मैदान मारले, लेखी उत्तीर्ण झालो आणि मग डॉक्टरांसमोर बाद झालो, ही वेळ येण्यापेक्षा सराव सुरू करतानाच जिल्हा रुग्णालयात डोळे, कान आणि रंगदृष्टी तपासून घ्यावी. कामावरील अपघाताची ईएसआयकडे नोंद असेल, तर जुनी इजा नव्याने झाली असे सांगण्यात अर्थ नाही.

आठवी पायरी : साक्षांकन नमुना भरणे आणि पडताळणीला सामोरे जाणे

नमुना स्वतःच्या हाताने भरावा. दुसऱ्याकडून भरून घेतला तरी उत्तरदायित्व सही करणाऱ्याचेच असते. एकही रकाना रिकामा न ठेवता ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. जागा अपुरी पडली तर स्वतंत्र कागद जोडून त्यावर सही करावी. भरलेल्या नमुन्याची छायाप्रत घरी ठेवावी, कारण पुढे खुलासा द्यावा लागला तर आपण नेमके काय लिहिले होते हे आठवणीवर सांगता येत नाही. नमुना दिल्यानंतर गुन्हा नोंदवला गेला किंवा अटक झाली, तर तेही तातडीने लेखी कळवावे.

मग एके दिवशी पोलीस ठाण्यातून फोन येतो. गोपनीय चौकशीचे काम पाहणारे अंमलदार घरी किंवा शेजारी चौकशी करतात, कधी आधीच्या मालकाकडेही विचारतात. त्यांना सांगायचे ते नमुन्यात लिहिले आहे तेच, जास्त नाही आणि कमीही नाही. जुन्या मालकाशी किंवा पर्यवेक्षकाशी संबंध ताणलेले असतील, तर त्याला आधीच भेटून ‘अशी चौकशी येईल’ एवढे सांगून ठेवावे. काय बोलायचे ते पढवू नये. कोणी ‘अहवाल चांगला पाठवतो’ म्हणून पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

नववी पायरी : रुजू होण्याआधी जुने व्यवहार बंद करणे

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी नोकरी किंवा व्यवसाय करता येत नाही. खासगी नोकरीचा लेखी राजीनामा देऊन पोच घ्यावी. डिलिव्हरीचे ॲप, विम्याची एजन्सी, साखळी पद्धतीने माल विकण्याची सभासदता, स्वतःच्या नावावरची दुकानाची नोंदणी हे सर्व आपल्या नावावरून बंद करावे. ट्रॅव्हल्सच्या धंद्यात भागीदारी असेल तर ती नुसती तोंडी सोडून चालणार नाही.

कारणे दाखवा नोटीस आली तर

निवड झाल्यावर किंवा प्रशिक्षणात असताना माहितीतील विसंगतीबद्दल नोटीस आली, तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद लेखी खुलासा द्यावा. चूक झाली असेल तर ती कशी झाली हे कागदांसह लिहावे आणि प्रकरणाचे स्वरूप, तेव्हाचे वय व निकाल यांचा उल्लेख करावा. मुदत अपुरी असेल तर वाढवून मागण्याचा अर्ज मुदतीच्या आत द्यावा. उमेदवारी रद्द झाल्याचा आदेश आला तर त्याची प्रत आणि ती मिळाल्याची तारीख नोंदवून ठेवावी. राज्य पोलीस भरतीविषयीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणासमोर जातो. त्यासाठी अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते, पण प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवाराला नियुक्ती मिळून गेल्यावर दाद मागणे अवघड होत जाते. म्हणून आदेश हाती येताच, त्याच आठवड्यात, सेवाविषयक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडे नमुन्याची छायाप्रत, न्यायालयाच्या प्रमाणित प्रती आणि नोकऱ्यांच्या कालक्रमाची वही घेऊन जावे.